काटकोन

अक्कल गुडघ्यात असते, म्हणायचे आमचे परांजपे मास्तर,
माझ्याकडे बघूनच म्हणायचे.
आता डॉक्टरबाई फोटो लावतात उजेडाच्या काचेवर
आणि दाखवतात: इथे फट हवी होती, राहिली नाही.
हाडावर हाड, मुकादम.

मुकादम हे आडनाव. काम फरशीवाल्याचं.
एकतीस वर्षं मुहर्रकच्या, रिफाच्या घरांतून
रांगत गेलो, भिंतीकडून दाराकडे, मागे मागे.
मजलिस, न्हाणीघर, नवरीची खोली,
सगळ्या गुडघ्यांनी मोजल्या.

महिनाभर तयारी चालली.
आधी किडका दात काढून या, म्हणाले.
दाताचं नि गुडघ्याचं काय नातं?
तिथला जंतू इथवर चालत येतो म्हणे.
माझ्यापेक्षा बरा चालतो.
साखर उतरवा. वजन उतरवा.
मांडी आवळा, दहा मोजा, सोडा.
विम्याचा कागद दोनदा परत आला, नावात एक अक्षर जास्त होतं.
व्हिसा मार्चपर्यंत,
म्हणजे गुडघाही मार्चच्या आत.
जमालुद्दीनने काही न बोलता
आपली खालची खाट मला दिली, स्वतः वर चढला,
आणि मोरीच्या दाराशी धरायला दोर बांधला.

आदल्या रात्री लाल साबणाने आंघोळ.
रुकय्याचा फोन: जेवलात का?
जेवलो, म्हटलं. खोटं.
सकाळी नर्सने उजव्या मांडीवर निळा बाण काढला,
आम्ही काढतो तसा, कापायच्या बाजूला.

कमरेत सुई. मग पाय दुसऱ्याचे.
पडद्यापलीकडे करवत. आवाज ओळखीचा.
पाणी सोडा, म्हणणार होतो, ब्लेड तापेल.
नवा सांधा सिमेंटनेच बसवतात, खोटं नाही.
मी विचारलं, पाणी किती दिवस मारायचं?
डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांना कळलंच नाही.
आम्ही मालकाला बजावतो, चोवीस तास पाऊल टाकू नका.
इथे संध्याकाळीच उभं केलं.

पहिली रात्र सांगत नाही.
दुसऱ्या रात्री, औषधाचा अंमल उतरल्यावर,
मी आईला हाक मारली, आमच्या बोलीत,
आणि शेजारच्या खाटेवरून बू राशिदने
खजुराची डबी सरकवली.
त्याचाही उजवाच. होड्या बांधण्यात गेलेला.
साखर गेली चुलीत, दोन खाल्ले.

मारिवेल येते, बोटभर फिलिपिनो पोरगी,
हातात प्लॅस्टिकचा गुण्या.
सत्तर, म्हणते. उद्या नव्वद.
पोरी, नव्वद मला शिकवतेस?
माझ्या हातून एक कोपरा एकोणनव्वदचा गेला नाही.
टाच ओढतो. चादर मुठीत येते. डोळ्यांना धार.
पंचाहत्तर, म्हणते ती,
आणि शाळकरी पोराला म्हणावं तसं, शाब्बास.

आज वॉकर घेऊन बाहेर, नवव्या खोलीपर्यंत.
ही फरशी माझी.
कुणाला सांगितलेलं नाही. सांगून काय,
बिल माफ करणार आहेत?
त्या उन्हाळ्यात इथेच, दुपारी, फोनवर थोरल्याचा ताप कळला,
आणि एक तुकडा पाणसळ न लावता ठोकला मी.
केसभर वर राहिला.
इतकी वर्षं त्यावरून खाटा गेल्या, ट्रॉल्या गेल्या,
माणसं गेली, काही परत न येणारी.
कुणी काही बोललं नाही.
वॉकरचा पाय नेमका तिथे अडला.
जपून, बाबा, म्हणाली मारिवेल.
वाकून हात फिरवायचा होता. वाकता येईना.

संध्याकाळी नमाजाला दोन खुर्च्या, एक बू राशिदची, एक माझी.
कपाळ जमिनीला लागत नाही, निम्म्यावर थांबतं.
तो म्हणतो, अल्लाहला उंची कळते.
कळत असेल.
मला मात्र फरशी एवढ्या वरून बघायची सवय नाही.
सांधे सरळ भरलेत, दिसतंय.
तो एक तुकडा सोडून.